हिरव्या रेषेवरचा सेनापती

सायप्रस बेटावर १९६४ साली संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना उतरली तेव्हा तिच्यात भारताची एकही तुकडी नव्हती. ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क या देशांचे सैनिक तिथे होते. तरीही या सेनेचे पहिले दोन्ही सरसेनापती भारतीय होते. प्रथम लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी आणि त्यांच्यापाठोपाठ जनरल कोडंदेरा सुबय्या थिमय्या. पुढे १९६९ च्या अखेरीपासून १९७६ पर्यंत ही जबाबदारी दिवाण प्रेमचंद या तिसऱ्या भारतीय सेनानीकडे गेली. सैन्य इतरांचे आणि सेनापती भारताचा, ही रचना आज विलक्षण वाटेल. परंतु शीतयुद्धाच्या त्या काळात कोणत्याही लष्करी गटात नसलेल्या आणि तरीही शिस्तबद्ध सेना असलेल्या देशाला अशी मागणी होती, आणि नवी दिल्लीलाही ती हवीहवीशी वाटत होती.

थिमय्या आपल्याकडे मुख्यतः दोन गोष्टींसाठी आठवले जातात. एक, झोजी-ला खिंडीत त्यांनी चढवलेले रणगाडे आणि दुसरी, कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्यावर दिलेला व लगेच मागे घेतलेला राजीनामा. त्यांच्या आयुष्यातील दोन परदेशी कामगिऱ्या, कोरिया आणि सायप्रस, मात्र तळटीपेत जातात. वस्तुतः परक्या देशातील तंट्यात तिसऱ्याने उभे राहायचे म्हणजे काय, हे त्या दोन कामगिऱ्या शेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

थिमय्यांचा जन्म ३१ मार्च १९०६ रोजी कूर्गमधील मडिकेरी येथे झाला. कॉफीच्या मळ्यांचा आणि सैनिकी परंपरेचा हा चिमुकला डोंगरी प्रदेश. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख जनरल करिअप्पा हेही तिथलेच. देहरादूनच्या लष्करी विद्यालयातून थिमय्या सँडहर्स्टला गेले आणि १९२६ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. ब्रिटिश पलटणीतील सुरुवातीच्या वर्षानंतर ते १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आले. हीच रेजिमेंट पुढे कुमाऊँ म्हणून ओळखली जाऊ लागली. अलाहाबादला असताना नेहरू कुटुंबाशी त्यांचा परिचय झाला. राष्ट्रीय चळवळ ऐन भरात असताना आपण इंग्रजांची नोकरी करावी काय, असा प्रश्न त्यांनी मोतीलाल नेहरूंना विचारल्याचे आणि स्वातंत्र्यानंतर देशाला अनुभवी अधिकारी लागतील, तेव्हा सेना सोडू नका, असा सल्ला मिळाल्याचे सांगितले जाते. त्या पिढीतील बहुतेक भारतीय अधिकाऱ्यांच्या मनात हा प्रश्न होताच.

दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या आघाडीवर, जानेवारी १९४५ मधील कांगावच्या लढाईत, एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीय अधिकाऱ्यांकडे होते. त्यांतले एक थिमय्या, दुसरे एल. पी. सेन आणि तिसरे कोल्हापूरचे शंकरराव थोरात. थिमय्या आणि थोरात यांची मैत्री पुढे दोन वेळा भारतीय राजकारणाच्या आणि जगाच्या नकाशावर उमटली. थिमय्यांना युद्धातील पराक्रमासाठी डीएसओ हा किताब मिळाला आणि प्रत्यक्ष लढाईत ब्रिगेडचे नेतृत्व करण्याची संधीही मिळाली.

ऑगस्ट १९४७ मधील पंजाब सीमा दलाशी त्यांचा संबंध आला, तो अनुभव पुढच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फाळणीच्या वेळी दोन समाजांमध्ये तटस्थपणे उभे राहण्यासाठी निर्माण केलेले हे दल जेमतेम महिनाभर टिकले. सैनिकांचीच गावे जळत होती, त्यांचेच नातेवाईक काफिल्यांमधून चालत होते. त्यांच्याकडून निःपक्षपाती राहण्याची अपेक्षा व्यर्थ होती. तटस्थ सैनिक हा त्या मातीशी रक्ताने बांधलेला नसावा, हा धडा पंजाबने रक्त सांडून दिला. त्यानंतर १९४८ मध्ये काश्मीरमध्ये थिमय्या स्वतः एका बाजूचे सेनापती होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहेर सिंग यांच्यासह डाकोटा विमानातून ते लेहला उतरले, तर १ नोव्हेंबर रोजी सुटे भाग करून वर नेलेले स्टुअर्ट रणगाडे त्यांनी अकरा हजार फुटांवरील झोजी-ला खिंडीत घुसवले. लडाखचा मार्ग मोकळा झाला. १ जानेवारी १९४९ रोजी शस्त्रसंधी झाली आणि तिच्या देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रसंघाचे निरीक्षक काश्मीरमध्ये आले. निळ्या ध्वजाकडे पाहण्याचा थिमय्यांचा पहिला अनुभव असा, लढणाऱ्याच्या बाजूने होता.

कोरियातील शस्त्रसंधीवर २७ जुलै १९५३ रोजी सह्या झाल्या. तीन वर्षांच्या युद्धातील अखेरचे वर्ष-दीड वर्ष वाटाघाटी अडल्या होत्या त्या प्रामुख्याने एका प्रश्नावर: मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या युद्धकैद्यांचे काय करायचे? त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमण्यात आला. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूचे, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूचे मानले जात. अध्यक्ष भारत. साहजिकच प्रत्येक वादग्रस्त ठरावावर दोन विरुद्ध दोन अशी विभागणी होई आणि निर्णायक मत अध्यक्षांचे, म्हणजे थिमय्यांचे ठरे. शिवाय कैद्यांचा प्रत्यक्ष ताबा एकट्या भारतीय दलाकडे होता. त्या सुमारे सहा हजार सैनिकांचे प्रमुख होते थोरात. आयोगाच्या कचेरीत बी. एन. चक्रवर्ती आणि पी. एन. हक्सर यांच्यासारखे मुत्सद्दी होते, तर थिमय्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते बी. एम. कौल. हे शेवटचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. त्यामुळे इंचॉनजवळ जहाजांवर पोहोचलेल्या जवानांना हेलिकॉप्टरमधून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे उभारलेल्या भारतीय छावणीला हिंदनगर असे नाव पडले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनेकडून आलेले २२,६०४ चिनी आणि उत्तर कोरियन कैदी व दुसऱ्या बाजूने आलेले ३५९ कैदी त्यांच्या ताब्यात आले. कैद्यांच्या कुंपणांमध्ये तैवान आणि सोलशी संबंध असलेल्या कडव्या संघटनांची हुकमत होती. कम्युनिस्ट प्रतिनिधींनी येऊन कैद्यांना मायदेशी परतण्याविषयी समजावून सांगावे, अशी करारात तरतूद होती. पण कैदी बाहेर येण्यास नकार देत. दोन्ही पक्षांचा राग भारतावर निघे. एका भारतीय मेजरला कैद्यांनी ओलीस धरले तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. प्रत्येक वेळी असे घडले नाही. ऑक्टोबरच्या प्रारंभी भारतीय पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मृत्युमुखी पडले.

नव्वद दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली तेव्हा समजावणीचे काम झाले होते ते मोजक्या दिवसांपुरते. उरलेल्यांचे भवितव्य ठरवण्यासाठी करारात एका राजकीय परिषदेची तरतूद होती. ती परिषद भरलीच नाही. बळाने कैद्यांना समजावणीसाठी बाहेर काढावे, असे कम्युनिस्ट पक्षाचे म्हणणे होते. अमेरिकेला ते नागरिक म्हणून तत्काळ मुक्त व्हायला हवे होते. थिमय्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. करारातील मुदतीचा काटेकोर अर्थ लावून जानेवारी १९५४ मध्ये त्यांनी कैदी ज्या-त्या पक्षाच्या ताब्यात परत केले आणि त्यांना नागरिक घोषित करण्याचा अधिकार आपला नाही, हेही नोंदवून ठेवले. सुमारे २१,८०० कैदी दक्षिणेकडे गेले, त्यांतील सुमारे चौदा हजार चिनी पुढे तैवानला पोहोचले. मायदेशी परतण्याचा निर्णय सहाशेहून अधिक जणांनी घेतला. एकवीस अमेरिकनांनी चीनमध्ये राहणे पसंत केले. ऐंशीहून अधिक कैद्यांनी कुठलीच बाजू नको म्हणत भारताची वाट धरली.

दोन्ही पक्षांनी निषेधाचे खलिते पाठवले. टीकाकारांना हा मार्ग कायदेपंडिताची पळवाट वाटला. तसे म्हणायला जागा आहे. परंतु थिमय्यांच्या हातात एक गोष्ट होती जी पुढे सायप्रसमध्ये त्यांना कधीच मिळाली नाही: तारीख. ठरावीक दिवशी काम संपणार आणि भारतीय जवान बोटीत बसून घरी जाणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. राजकारण्यांनी परिषद भरवली नाही तरी सैनिकाला आपले दप्तर बंद करता येत होते. १९५४ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

मे १९५७ मध्ये थिमय्या लष्करप्रमुख झाले. त्याच्या महिनाभर आधी व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री झाले होते. या दोघांतील बेबनावाची कहाणी संसदेच्या इतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे, तिचा इथे थोडक्यात उल्लेख पुरे. पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ मध्ये अयूब खान यांनी सत्ता हाती घेतली होती, त्यामुळे लोकप्रिय सेनापतीकडे पाहण्याची दिल्लीची नजर आधीच सावध झाली होती. लष्करातील बढत्यांवरून, विशेषतः कौल यांच्या लेफ्टनंट जनरलपदावरून, वाद विकोपाला गेला. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी बोलावून घेऊन तो मागे घ्यायला लावला. मात्र बातमी १ सप्टेंबरला वृत्तपत्रात आली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांना लोकसभेत निवेदन करावे लागले. राजीनाम्यामागील कारणे क्षुल्लक व स्वभावभेदातून आलेली आहेत आणि देशात नागरी सत्ता हीच सर्वोच्च राहील, असा त्याचा आशय होता. सभागृहात नेहरू जिंकले. जनरलने राजीनामा मागे घेतला होता आणि पंतप्रधानांनी त्याला सर्वांसमक्ष लहान केले होते. लोंगजू येथील चकमकीला तेव्हा आठवडाच झाला होता आणि अक्साई चीनमधून गेलेला रस्ता आदल्याच आठवड्यात संसदेसमोर आला होता. या दोन गोष्टींपेक्षा सेनापतीच्या राजीनाम्यावर अधिक चर्चा व्हावी, हे त्या अधिवेशनाचे दुर्दैव.

मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. आपल्यामागे थोरात यावेत अशी त्यांची इच्छा होती, नेमणूक पी. एन. थापर यांची झाली. जुलै १९६२ मध्ये ‘सेमिनार’ या मासिकात त्यांनी लेख लिहिला. चीनशी उघड युद्धात भारत एकट्याच्या बळावर टिकेल असे सैनिक म्हणून आपल्याला वाटत नाही, म्हणून ती सुरक्षा राजकारणी आणि मुत्सद्द्यांनी निर्माण केली पाहिजे, असे त्यांनी त्यात मांडले. तीन महिन्यांनी युद्ध झाले, मेनन गेले, थापर गेले. मे १९६४ मध्ये नेहरूही गेले. आणि त्या उन्हाळ्यात अठ्ठावन्न वर्षांचे थिमय्या सायप्रसला रवाना झाले.

सायप्रसचा तंटा समजून घेण्यासाठी तिथल्या राज्यघटनेकडे पाहावे लागते. १६ ऑगस्ट १९६० रोजी ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेल्या या बेटावर पावणेसहा लाखांच्या आसपास लोक राहत. त्यांतील जवळजवळ चार-पंचमांश ग्रीक भाषिक ख्रिस्ती आणि सुमारे अठरा टक्के तुर्की भाषिक मुसलमान. राज्यघटना झुरिक आणि लंडनमध्ये ठरली. अध्यक्ष ग्रीक, म्हणजे आर्चबिशप मकारिओस. उपाध्यक्ष तुर्की, म्हणजे डॉ. फाझिल कुचुक, आणि त्यांना महत्त्वाच्या बाबतीत नकाराधिकार. नोकऱ्यांत सत्तर-तीस, सैन्यात साठ-चाळीस. शिवाय ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान हे तीन हमीदार देश, ज्यांना घटना मोडल्यास हस्तक्षेपाचा अधिकार. ग्रीसचे ९५० आणि तुर्कस्तानचे ६५० सैनिक कायमस्वरूपी बेटावर. ब्रिटनने स्वतःसाठी ९९ चौरस मैलांचे तळ राखून ठेवले. परकी हस्तक्षेपाची तरतूद ज्या देशाच्या जन्मदाखल्यातच लिहिली गेली, असे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

नोव्हेंबर १९६३ अखेरीस मकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. २१ डिसेंबरला निकोसियात गोळीबार झाला आणि त्या नाताळात रक्तपात पसरला. ३० डिसेंबरला ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलने राजधानीच्या मधून एक रेघ ओढली. पेन्सिल हिरवी होती म्हणून ती हिरवी रेषा. बेटावर नाटो देशांची सेना आणण्याचा ब्रिटन-अमेरिकेचा प्रस्ताव मकारिओस यांनी फेटाळला. अलिप्त राष्ट्रांचा आधार जिथे मिळेल त्या संयुक्त राष्ट्रसंघाकडे ते वळले. ४ मार्च १९६४ रोजी सुरक्षा परिषदेने १८६ क्रमांकाचा ठराव केला. त्याचे दोन हात होते. एक शांतिसेना, मुदत तीन महिने. दुसरा मध्यस्थ, ज्याने राजकीय तोडगा काढावा.

ठरावाची शब्दरचना मुत्सद्द्यांच्या दृष्टीने कौशल्याची आणि सेनापतीच्या दृष्टीने जीवघेणी होती. लढाई पुन्हा होऊ न देणे, कायदा व सुव्यवस्था राखण्यास हातभार लावणे आणि परिस्थिती पूर्ववत होण्यास मदत करणे, एवढेच काम. पूर्ववत म्हणजे काय? तुर्की सायप्रसवासीयांच्या लेखी १९६० ची घटना, ग्रीकांच्या लेखी बहुसंख्याकांचे एकसंध राज्य. ठरावात सायप्रसच्या सरकारचा उल्लेख होता. परंतु तुर्की मंत्री तोवर त्या सरकारातून बाहेर पडले होते. त्यामुळे मकारिओस यांचे ग्रीक सरकारच जगाच्या लेखी सायप्रसचे सरकार ठरले. या एका शब्दाने नंतरच्या सहा दशकांवर जितका परिणाम केला तितका कुठल्याच तोफखान्याने केला नसेल. शांतिसेनेला बळ वापरता येणार होते ते फक्त स्वसंरक्षणापुरते. आणि तिचा खर्च ऐच्छिक देणग्यांतून भागवायचा होता. ती पद्धत थेट १९९३ पर्यंत चालली.

थिमय्यांच्या हाताखाली सुमारे ६,४०० सैनिक होते. त्यांत ब्रिटिशही होते. सँडहर्स्टमध्ये शिकलेला, राजाच्या कमिशनचा भारतीय अधिकारी आता एका माजी वसाहतीत ब्रिटिश सैनिकांना हुकूम देत होता. या विरोधाभासाची मजा त्यांना कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही. बेटाची स्थिती मात्र दारुण होती. सुमारे २५,००० तुर्की सायप्रसवासी आपली गावे सोडून संरक्षित वस्त्यांमध्ये एकवटले होते. शांतिसेनेने त्या वर्षी केलेल्या पाहणीत १०९ गावांमध्ये ५२७ घरे पूर्ण उद्ध्वस्त आणि आणखी २,००० घरांची नासधूस व लूट झाल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य गावे तुर्की किंवा मिश्र वस्तीची होती.

सूत्रे घेऊन महिना झाला नाही तोच ऑगस्ट उजाडला. वायव्य किनाऱ्यावरील कोक्किना या वस्तीतून तुर्कस्तानहून माणसे आणि शस्त्रे उतरत होती. जनरल ग्रिव्हास यांच्या नेतृत्वाखालील ग्रीक नॅशनल गार्डने ६ ऑगस्टला त्या भागावर चढाई केली. तुर्की हवाई दलाने ग्रीक गावांवर बॉम्ब टाकले. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जूनमध्येच अंकाराला तिखट पत्र लिहून आक्रमण थोपवले होते. आता नाटोचे दोन सदस्य युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. सुरक्षा परिषदेने ९ ऑगस्टला शस्त्रसंधीचे आवाहन केले आणि ते दोन्ही पक्षांनी मानले. या चार दिवसांत शांतिसेनेला ना चढाई थांबवता आली ना विमाने. तिच्या टीकाकारांनी तेव्हाही विचारले आणि आजही विचारतात की मग तिचा उपयोग काय? उत्तर त्यानंतरच्या आठवड्यांत होते. वेढलेल्या कोक्किनात अन्न पोहोचवणे, दोन फळ्यांमध्ये चौक्या उभारणे, पुन्हा गोळी सुटली तर ती कुणी सोडली याची नोंद ठेवणे. बातमी होणार नाहीत अशी ही कामे होती.

थिमय्यांच्या काळातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे निकोसिया ते किरेनिया हा रस्ता. करारान्वये बेटावर असलेले तुर्कस्तानचे ६५० सैनिक डिसेंबर १९६३ मध्ये बराकी सोडून या रस्त्यावर येऊन बसले होते. ग्रीकांना उत्तर किनाऱ्याकडे जाणारा मार्ग बंद. त्या पलटणीतील काही सैनिकांची नियमानुसार बदली व्हायची होती. मकारिओस त्याला परवानगी देईनात, अंकारा मागे हटेना. सप्टेंबरच्या अखेरीस तोडगा निघाला: बदली होऊ द्यायची आणि त्या बदल्यात रस्ता पूर्णपणे शांतिसेनेच्या ताब्यात द्यायचा, तिच्याखेरीज अन्य कोणी सशस्त्र माणूस त्यावर फिरकणार नाही. ऑक्टोबरमध्ये रस्ता खुला झाला आणि ग्रीक प्रवाशांची वाहने शांतिसेनेच्या संरक्षणात ताफ्याने जाऊ-येऊ लागली. दोघांनीही आपला हक्क सोडला नव्हता, वापर तेवढा थांबवला होता. कोरियात कैद्यांबाबत थिमय्यांनी जे केले होते त्याचेच हे दुसरे रूप म्हणता येईल.

उरलेले काम त्याहून बारीक होते. पिके काढणीला आली की दोन्ही समाजांच्या शेतकऱ्यांना आपापल्या शेतात जाता यावे म्हणून सैनिक बांधावर उभे राहत. तुर्की वस्त्यांमध्ये इंधन, सिमेंट वगैरे वस्तू नेण्यावर सरकारने घातलेल्या निर्बंधांविषयी अखंड घासाघीस चाले. लिमासोल बंदरातून ग्रीसचे सैनिक आणि शस्त्रे हजारोंच्या संख्येने गुपचूप उतरत असताना शांतिसेनेला त्या धक्क्यावर मुक्तपणे जाऊ दिले जात नव्हते. यजमान सरकारच्या संमतीने राहणाऱ्या सेनेने यजमानाचेच उल्लंघन कसे रोखायचे, या प्रश्नाला ठरावात उत्तर नव्हते आणि सेनापतीने ते शोधावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होते.

सप्टेंबर १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध पेटले. तुर्कस्तान हा सेंटो करारातील पाकिस्तानचा सहकारी, त्याची सहानुभूती उघडपणे पाकिस्तानकडे. मकारिओस अलिप्त चळवळीतले, भारताचे मित्र. अशा वेळी निकोसियात बसलेल्या भारतीय सेनापतीच्या प्रत्येक हालचालीकडे तुर्की वस्तीतून कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, याची कल्पना करता येते. पंजाबच्या सीमा दलाला जे साधले नव्हते ते इथे साधावे लागत होते, फरक इतकाच की आता आपलीच माणसे हजारो मैल दूर लढत होती.

दरम्यान ठरावाचा दुसरा हात लुळा पडला होता. पहिले मध्यस्थ, फिनलंडचे साकारी तुओमिओया, सप्टेंबर १९६४ मध्ये मरण पावले. त्यांच्या जागी आलेले इक्वेडोरचे माजी अध्यक्ष गालो प्लाझा यांनी मार्च १९६५ मध्ये सविस्तर अहवाल दिला. ग्रीसशी विलीनीकरण नको आणि बेटाची फाळणीही नको, असा त्याचा रोख होता. तुर्कस्तानने अहवाल फेटाळला आणि प्लाझा यांची मध्यस्थीच संपल्याचे जाहीर केले. म्हणजे सेना जी वेळ विकत घेत होती ती वापरणारा कोणी उरला नव्हता. १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये कोफिनू येथे पुन्हा युद्धाची वेळ आली. १५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या लष्करशहांनी मकारिओस यांना उलथवले, पाच दिवसांनी तुर्की सेना उतरली आणि ऑगस्टपर्यंत तिने बेटाचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापला. निकोसियाच्या विमानतळावर तेव्हा प्रेमचंद यांच्या शांतिसेनेने निळा ध्वज लावून तो दोघांपासून राखला. प्रवासी विमाने तिथून पुन्हा उडाली नाहीत. राजधानीपुरती असलेली रेषा सुमारे १८० किलोमीटरचा पट्टा झाली. एप्रिल २००४ मधील सार्वमतात तुर्की सायप्रसवासीयांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी एकीकरणाची योजना स्वीकारली, ग्रीकांपैकी सुमारे ७६ टक्क्यांनी नाकारली. तीन महिन्यांसाठी आलेली सेना एकविसाव्या शतकातही तिथेच आहे.

शांतिसेनेमुळे लढाई थांबते म्हणून राजकारण्यांची निकड संपते, असा युक्तिवाद सायप्रसबाबत वारंवार केला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो पूर्ण नाही. १९६७ ला युद्ध टळले ते अमेरिकी दडपणामुळे, १९७४ ला झाले ते अथेन्सच्या आततायीपणामुळे. शेतकऱ्याला पीक काढू देणाऱ्या सैनिकाने दोन्ही वेळा काही बिघडवले नव्हते. चूक असेल तर ती न्यूयॉर्कमधील, दर काही महिन्यांनी मुदत वाढवून विषय बाजूला ठेवणाऱ्या सभागृहाची.

नोव्हेंबर १९६५ च्या प्रारंभी फामागुस्ता शहराच्या तटबंदीभोवती पुन्हा गोळीबार झाला. शांतिसेनेने मध्ये पडून तो आवरला. १७ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने सेनेची मुदत आणखी तीन महिन्यांनी वाढवली. दुसऱ्या दिवशी, १८ डिसेंबरला, आमसभेने सायप्रसच्या सार्वभौमत्वाचा आदर करावा आणि कोणीही हस्तक्षेप करू नये, असा ठराव ४७ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. ५४ देश तटस्थ राहिले. त्याच दिवशी निकोसियात हृदयविकाराच्या झटक्याने थिमय्यांचे निधन झाले. ते एकोणसाठ वर्षांचे होते.

त्यांचे पार्थिव विमानाने बंगळूरला आणून तिथे लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार करण्यात आले. सायप्रस सरकारने १९६६ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि लार्नाका शहरातील एका हमरस्त्याला त्यांचे नाव दिले. मडिकेरीतील त्यांच्या ‘सनी साइड’ या घराचे संग्रहालय होण्यास मात्र फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले. ब्रिटिश ब्रिगेडियर विल्सन यांनी काही महिने शांतिसेनेचे हंगामी नेतृत्व केले आणि मे १९६६ मध्ये फिनलंडचे जनरल मार्तोला यांनी सूत्रे स्वीकारली. गालो प्लाझा यांनीही त्याच डिसेंबरमध्ये राजीनामा दिला होता. त्यांच्या जागी दुसरा मध्यस्थ नेमला गेला नाही.